फ्लेक्सवरची मांडी

विश्रामबागच्या चौकात रिक्षा थांबली आणि समोर दोन खांबांच्या मध्ये ताणलेल्या फ्लेक्सवर मी मला दिसले. आधी साडी ओळखीची वाटली. अंजिरी काठाची, सोमवारी नेसायची माझी पांढरी साडी. मग समई ओळखली, तिची एक वात जरा कलती लागते. मग देव्हारा. आणि मग डोक्यावरून पदर घेतलेली ती बाई, पाटावर ताठ बसलेली, दोन्ही पाय नीट आत घेऊन, मांडी घालून. आमच्या घरातला एक कोपरा कुणीतरी भिंतीसकट उचलून सांगलीच्या चौकात टांगला होता आणि त्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, "नवा गुडघा, नवा जन्म! पुन्हा मांडी घालून पूजा! आमच्या मालाकाकी, सातारा." आमच्या म्हणजे कुणाच्या, असं माझ्या मनात आलं. त्याच वेळी रिक्षात आडवा ठेवावा लागतो तो माझा उजवा पाय ड्रायव्हरच्या सीटच्या लोखंडी कडेला टेकला होता आणि ती कड मला पोटरीला लागत होती. फ्लेक्सवरच्या बाईला काहीच लागत नव्हतं. ती फार शांत दिसत होती. इतक्या शांत बाईचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

"अगं बया, वैनी! तुमीच की ह्या!" शेजारी बसलेली शालू ओरडली. शालू माझी धाकटी नणंद, माधवनगरला असते. सकाळी मला स्टँडवर घ्यायला आली होती. तिनं रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारली. "दादा, बगा, ह्या आमच्या वैनी. फोटूतल्या." रिक्षावाला मागं वळून माझ्याकडं, मग वर फ्लेक्सकडं, मग माझ्या आडव्या पायाकडं बघून म्हणाला, "लय मोटी मान्सं बसलीत म्हणायचं आज गाडीत." सिग्नल सुटला. मी मान हलवली. नाही, नाही, अशी दोनदा, जोरात हलवली. शालू हसली. "लाजताय काय वैनी? चांगलं ते चांगलंच म्हणायचं." सोमवार होता. सोमवारी दिवेलागणीपर्यंत माझं मौन असतं.

हे व्रत मी घेतलं तेव्हा आमचे हे, लालासाहेब, सियाचीनला होते. त्या हिवाळ्यात पत्र नाही, निरोप नाही. सासूबाई म्हणाल्या, बोलून काही होत नसलं की गप्प राहून बघावं. महादेवापुढं पाटावर बसून मी पहिला सोमवार गप्प काढला. हे सुखरूप आले, सुभेदार होऊन निवृत्त झाले, आम्ही साताऱ्यात घर बांधलं, पण सोमवार तसाच राहिला. सासूबाईंचा नियम असा की, लिहूनसुद्धा सांगायचं नाही. लिहिलं म्हणजे बोललंच. घर चालवायला लागतात तेवढ्या हाताच्या खुणा चालतात. मीठ, दूध, दार लाव, जेवायला या. या खुणांवर माझं घर इतकी वर्षं बिनबोभाट चाललं आहे. त्यामुळं खूण ही खोटी असू शकते, किंवा खुणेला मिळालेलं उत्तर खोटं असू शकतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बोलण्यात माणूस लबाडी करतो. हातानं विचारलेल्याला मानेनं उत्तर देताना कोण लबाडी करेल?

हा फोटो मला माहीत आहे. तो कधी काढला, खिडकीतून ऊन कुठवर आलं होतं, सगळं माहीत आहे. ऑपरेशनच्या आधीच्या सोमवारी यशराज घरी आला होता. कंपनीचा माणूस, गुडघे विकणाऱ्या कंपनीचा. पण तसं तो सांगत नसे. 'पेशंट को-ऑर्डिनेटर' म्हणायचा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आल्याआल्या वाकून नमस्कार, आणि पहिला शब्द 'आई'. मला जयराज एकटाच मुलगा, तो पुण्यात असतो, तो मला मम्मी म्हणतो. आई म्हणणारं कुणीच नाही. तो शब्द कानावर पडला की माझ्या आत काहीतरी ढिलं पडायचं, हे त्याला पहिल्याच भेटीत कळलं असणार. आता वाटतं, असंच शिकवत असतील त्यांना. बाईला आई म्हणा, पुरुषाला साहेब म्हणा, फौजी असेल तर जय हिंद म्हणा. ह्यांना तो जय हिंद साहेब म्हणाला होता आणि ह्यांनी खुर्चीतून उठून त्याला चहा विचारला होता.

मी तेव्हा पूजेला बसले होते. गुडघा दुखायचा. जिना चढताना तर जीव जायचा, बाजारातून येताना तीन ठिकाणी टेकावं लागायचं. पण मांडी बसायची. सावकाश, कण्हत, हातानं पाय आत ओढून घेत, पण बसायची. एकदा बसलं की ठणका हळूहळू विरघळून जायचा आणि मग पोथी, जप, सगळं त्या बसण्यात आपोआप यायचं. माझी भक्ती मनात किती होती देव जाणे, पण मांडीत होती हे नक्की. "आई, तशाच बसा, तशाच. आधीचा फोटो लागतो आम्हाला. पेशंट आधी कसं बसतं ते." यशराजनं मोबाईलवर फोटो घेतला. हे गॅलरीत जयराजशी फोनवर पॅकेजचं बोलत होते. तेव्हा मी त्याला विचारलं. डाव्या तळव्यानं दुमडलेल्या गुडघ्यावर थापटलं, मग पाटावर बोट ठेवलं, मग हात उताणा करून त्याच्याकडं बघितलं. ह्यानंतर, असं, इथं बसता येईल का? याहून सरळ प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारलेला नाही. त्यानं छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि सावकाश मान हलवली. होय. आरती झाल्यावर आपण मान लववतो तशी. मला वाटलं, या पोराला खूण कळते. हा आपल्यातला आहे.

रिक्षा यशराजच्या कंपनीच्या कार्यक्रमाच्या हॉलसमोर थांबली. शालू आधी उतरली. ती अगदी माझ्यासारखी उतरली. माझ्या आधीच्या मीसारखी. कमरेत वाकून, एक हात रिक्षाच्या दांडीवर, दुसरा मांडीवर, तोंडानं 'इठ्ठला' म्हणत. तिचे मालक मिलमध्ये होते. मिल बंद पडली, मग तेही गेले, आणि माधवनगरच्या त्या दोन खोल्यांत शालूनं शिलाई मशीन चालवून पोरींची लग्नं केली. मशीन पायाचं. त्या पायांनी सगळं ओढलं आणि आता ते पाय थकले. "वैनी, तुमी सांगाल तसं," ती महिनाभर फोनवर म्हणत होती. "त्यो यशराज दोनदा घरी आला. लय गुणाचं पोरगं. म्हणतंय, आई, वैनींना कुठला बसवलाय, त्योच पिवळा बसवू तुमाला. आज कार्यक्रमात नाव दिलं तर पाटल्या मोडून ॲडव्हान्स भरायचा म्हणतोय. मी म्हणलं, वैनींना बगते, मग भरते." पाटल्या तिच्या हातात होत्या. आज मोडायला घालून आली होती की शेवटची घालून घ्यावी म्हणून, मला कळलं नाही. ती फोनवर विचारायची, कसं हाय वैनी पायाचं? आणि मी म्हणायचे, बरं आहे. आपल्या शरीराचं गाऱ्हाणं चारचौघांत सांगू नये, हे आम्हाला लहानपणी शिकवलं. देवाला सांगावं. मी देवाला सांगत होते आणि माझं 'बरं आहे' यशराज माधवनगरला विकत होता.

पिवळा गुडघा. दवाखान्यातल्या एका लहान खोलीत यशराजनं आमच्यापुढं पेटी उघडली होती. आतून निळी मखमल, सराफाकडं असते तशी, आणि तिच्यात तीन गुडघे ओळीनं. एक पांढुरका स्टीलचा, एक त्याहून तकतकीत, आणि एक सोन्यासारखा पिवळा. हात लावून बघा आई, म्हणाला. मी लावला. थंड होता. पहिल्या गुडघ्याकडं बोट करताना त्याचा आवाज उतरायचा. "हा पण चांगलाच आहे. कमी बजेट असेल त्यांना देतो आम्ही." मग ह्यांच्याकडं वळून, अगदी हळू, "साहेब, आईंच्या पायात काय घालायचं ते शेवटी तुमचं तुम्ही ठरवायचं." आता इतकी वर्षं बायकोला गावी ठेवून सीमेवर राहिलेला माणूस यावर काय म्हणेल? हे म्हणाले, "गाडी घेताना माणूस टॉप मॉडेल बघतो. ही तर बायको आहे." यशराज हसला, हेही हसले, मीही हसले असेन. गुडघ्याचा भाव सरकारनं बांधलेला आहे, त्याच्यावर एक रुपया घेता येत नाही, असं त्यानंच अभिमानानं सांगितलं. तसंच होतं. बिलात गुडघा स्वस्तच निघाला. त्याच्या भोवतीचं सगळं महाग होतं. गुडघा बसवायची हत्यारं महाग, ती हत्यारं धुण्याचं वेगळं, सिमेंट वेगळं, पट्टा यशराजच्या ओळखीच्या दुकानातला, वॉकर त्याच दुकानातला, पाय हलवायचं यंत्र भाड्यानं, तेही त्याच्याच कुणाकडून. जयराजनं पुण्याहून फोनवर विचारलं, हे एवढं कसलं? यशराज म्हणाला, "दादा, आईंच्या बाबतीत कॉम्प्रमाइज नको." झालं. आईवरून भाव करणारा मुलगा कोण होईल? आणि नवऱ्यानं घासाघीस करावी तर बायकोच्या पायाची? भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालणारी आम्ही माणसं, तिथं मान खाली घालून सह्या करत गेलो. त्यांनी आमची लाजच विकायला काढली होती आणि आम्हालाच विकत दिली.

हॉलच्या दारात अत्तर, रांगोळी, गुलाबाचं फूल. रांगोळी काढणारी मुलगी उकिडवी बसून शेवटची वेल ओढत होती. चवड्यांवर, सहज, बोलत बोलत. मी तिच्या टाचांकडं बघत उभी राहिले. माझ्या दारातल्या तुळशीपुढं आता स्टिकरची रांगोळी आहे.

"आई! आल्यात का!" यशराज धावत आला. आज कोट होता. वाकून माझ्या पायांना हात लावला, उजव्या पायाला जरा जपून. मी हात वर करून चौकाच्या दिशेनं बोट दाखवलं. फ्लेक्स. मग बोट त्याच्या छातीकडं नेलं. त्याला कळलं. त्याच्या डोळ्यांत काहीतरी क्षणभर हललं, ते मी पाहिलं. मग तो हसला. "बघितला का आई? भारी आलाय ना? जिल्हाभर लावलेत." मी गुडघ्यावर थापटलं, जमिनीवर बोट रोखलं, आणि हात उताणा केला. तीच खूण. तशीच्या तशी. तो इकडंतिकडं बघत म्हणाला, "अच्छा, आज सोमवार. मौन! माझ्या लक्षातच नाही." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं, "उलट बरंच झालं आई. बोलायचं टेन्शनच नको. तुम्ही फक्त या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. बोलायचं मी बघतो."

बोलायचं मी बघतो. ऑपरेशनच्या खोलीतही तोच बोलला होता. कमरेत सुई दिली होती, कमरेखाली मी नव्हतेच, आणि छातीपाशी हिरवा पडदा. पडद्यापलीकडं सुतारकाम चाललेलं. करवत, मग हातोडा. प्रत्येक ठोक्याबरोबर माझी हनुवटी हलत होती आणि मी नमः शिवाय, नमः शिवाय ठोक्याला बांधून घेतलं होतं, जात्यावर ओवी बांधतात तसं. तेवढ्यात तो आवाज आला. ओळखीचा, पोराचा, आई म्हणणारा. इथं हा कसा? मला वाटलं बाहेरून येत असेल. पण नाही, माझ्या पायापाशीच होता. "सर, ही साईज बघा, बसतीय." मग डॉक्टरांचं काहीतरी, "मोठी होतीय का जरा? एक लहान दे." मग त्याचा आवाज, पेटी उघडताना माझ्यापुढं होता तितकाच गोड, "लहान आज ट्रेमध्ये नाही सर. कोल्हापूरहून मागवायला लागेल. ही चालते सर. चालतीय सगळ्यांना." मग हातोडा. माझं नमः शिवाय सुटलं होतं. मी नंतर डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या औषधानं भास होतात, काकी. कुणाला गाणी ऐकू येतात, कुणाला देव दिसतात." मला देव दिसला असता तर मी सांगितलं असतं. मला गुडघे विकणारा ऐकू आला.

आणि मग घरी. चालता येऊ लागलं, हे खरं आहे. जिना चढते, बाजारातून न टेकता येते. मी खोटं का बोलू? पण पाय एका हद्दीपर्यंत वाकतो आणि मग आत कुणीतरी दार लावून घेतल्यासारखा थांबतो. हातानं ओढा, तेल लावा, व्यायाम करा, दार उघडत नाही. पहिल्यांदा पूजेला खाली बसायचा प्रयत्न केला तेव्हा ह्यांनी काखेत हात घालून बसवलं. बसले, तर उजवा पाय सरळ समोर. तळवा थेट महादेवाकडं. जन्मात मी देवाकडं पाय केला नव्हता. झोपताना बिछान्याची दिशा बघणारी बाई मी. डोळ्यांत पाणी आलं, ते बघून हे बाहेर गेले आणि संध्याकाळी सुतार घेऊन आले. देव्हारा उचलून उंच टेबलावर ठेवला, माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची. देवांना माझ्या गुडघ्यासाठी जागा बदलावी लागली. त्या खुर्चीवर मी वाट बघत असल्यासारखी बसते, बँकेत बसतात तशी. पोथी वाचते, पण शब्द घशाच्या खाली उतरत नाहीत. पंगतीत आता मला वेगळं ताट, वेगळं टेबल. भजनात मी मागं भिंतीला खुर्चीवर, सगळ्यांच्या डोक्यांवरून बघत. 'खुर्चीवरच्या काकी' म्हणतात. तक्रारीला गेलो तर डॉक्टर म्हणाले, "मांडी घालायची नसतेच काकी. खुर्चीवरची पूजा देवाला पोचत नाही का?" आणि यशराज, तिथंच उभा असलेला, मोबाईलमधून मान वर करून म्हणाला, "आई, मांडी घालता येईल असं आपण कधी बोललोच नव्हतो." खरं होतं. बोलला नव्हताच. मीही नव्हते. माझं व्रतच त्यानं साक्षीला उभं केलं होतं माझ्याविरुद्ध. त्या दिवशी परत येताना मी ह्यांच्या मागं स्कूटरवर बसले होते, पाय लांब करून, आणि पोवई नाक्यावरच्या गर्दीत मला पहिल्यांदा कळलं की माझ्या जबड्याला कळ लागली आहे. दात इतके आवळले होते.

आज आले ते त्यानं फोनवर सांगितलं म्हणून. पुण्याचे मोठे डॉक्टर येणार आहेत, तुमचा पाय दाखवू, काही करता आलं तर करू, आणि छोटासा सत्कार आहे. सोमवार आहे, हे मला माहीत होतं. पण पाय दाखवायला तोंड कशाला लागतं, असं म्हणून आले. मोठे डॉक्टर स्टेजवर बसले होते. हार घालून, पाण्याची बाटली उघडत. मी यशराजला त्यांच्याकडं बोट करून माझा पाय दाखवला. "कार्यक्रमानंतर आई, कार्यक्रमानंतर नक्की." आणि त्यानं मला पायऱ्यांपाशी ढकललं. ढकललं नाही, हात धरून नेलं. पण मला ढकलल्यासारखं वाटलं.

हॉल भरलेला होता. सगळ्या बायकाच. तासगावकडच्या, कवठ्याकडच्या, मिरजेच्या. द्राक्षाच्या बागेत वाकून वाकून, उसात, भट्टीवर, मशीनवर गेलेले गुडघे. कुणी पाय लांब करून बसलेली, कुणी मांडीवर हात चोळत. त्यांच्यात तिसऱ्या रांगेत शालू, पाटल्यांवरून पदर ओढून बसलेली. तिच्या शेजारी एक मुलगी हातात टॅब घेऊन उभी होती, बोट लावून शालूचं नाव भरायला तयार. शालू तिला थांब म्हणत होती. आधी वैनींना बगू दे, असंच म्हणत असणार. माझ्या घशापर्यंत आलं, शालू, नको. दोन शब्द. दोन शब्दांनी कोणतं व्रत बुडतं? पण ते ओठांशी येऊन थांबले, आणि मला वाटलं, बोलले तर काय होईल? यशराजच्या हातात माईक आहे. मी हळू बोलणारी. माझ्या 'नको'वर तो एक 'आई' ठेवेल, आणि ते नाहीसं होईल. बोलण्यात तो राजा आहे. त्याच्या मैदानात मी कशाला जाऊ? त्यानं मला खुणेनं फसवलं होतं.

"आता मी ज्यांना बोलावतोय," माईक घुमला, "त्यांचा फोटो तुम्ही सगळ्यांनी येताना पाहिलाय. साताऱ्याच्या मालाकाकी! व्रतस्थ बाई. आज सोमवार, त्यांचं मौन आहे. त्या बोलणार नाहीत, त्यांचं चालणंच बोलेल!" टाळ्या पडल्या. मी चालले. मागच्या पडद्यावर तोच फोटो, चौकातल्याहून मोठा, आणि मी त्याच्याखालून चालत या टोकापासून त्या टोकाला गेले. चाल चांगली होती. ती मला येते. मोठ्या डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. एका बाजूला धन्वंतरीची तसबीर, पुढं समई. दुपारी पेटवलेली समई, फॅनच्या वाऱ्यात फडफडणारी. माझा हात आपोआप तिच्यापुढं आडवा झाला. वात सावरली. आणि मग मला कळलं मी काय करणार आहे. कळलं तेव्हा हात आधीच सुरू झाले होते.

नारळ मी टेबलावर ठेवला, डॉक्टरांच्या बाटलीशेजारी. खांद्यावरची शाल काढली, दोन घड्या केल्या आणि स्टेजच्या मधोमध, फोटोच्या बरोबर खाली, आसनासारखी अंथरली. हॉलला वाटलं काही विधी आहे. टाळ्या थांबल्या. यशराज हसत होता, मग हसू तसंच ठेवून माईकपासून तोंड बाजूला करून म्हणाला, "आई, काय करताय? आई, खुर्ची आहे." मी टेबलाची कड धरली. डावा गुडघा वाकवला. तो माझा आहे, जुना, तोही दुखतो, पण तो गेला खाली जिथं जायचं तिथं. उजवा वाटेतच थांबला. शरीर निम्म्यात लोंबलं, टेबल सरकलं, बाटली पडली, आणि मी शेवटचं वीतभर अंतर धप्पकन पडले. हाड वाजल्याचा आवाज माईकमध्ये गेला. उजवा पाय सरळ समोर, मुसळासारखा. तळवा धन्वंतरीकडं चालला होता. मी दोन्ही हात टेकून स्वतःला फिरवलं, सगळी, सावकाश, सरपटत, तोवर फिरवलं जोवर तळवा डॉक्टरांच्या खुर्च्यांच्या रांगेकडं झाला नाही. मोठ्या डॉक्टरांनी पाय मागं घेतले. मग मी पदर सारखा केला, उजवा पाय दोन्ही हातांनी धरला आणि आत ओढला. सगळ्यांदेखत. ओढला, सोडला, ओढला. दार लागलेलं होतं. वरती फोटोत ती बाई मांडी घालून शांत बसली होती.

मग मागून एक म्हातारा घोगरा आवाज आला, "आवं, फोटूत तर बसलीया की चांगली!" दुसरी म्हणाली, "त्यो फोटू आदीचा असंल गं." आणि मग सगळा हॉल एकदम कुजबुजू लागला, चाळणीत धान्य हलवावं तसा. "आईंना जरा चक्कर आली आहे," यशराज माईकमध्ये म्हणाला, "जरा पाणी..." त्यानं माझ्या काखेत हात घातला. मी त्याच्याकडं बघितलं. मी आयुष्यात कुणावर आवाज चढवलेला नाही. नवऱ्यावर नाही, सुनेवर नाही, अंगणात शिरणाऱ्या गाईवरसुद्धा नाही. त्या सगळ्या न चढवलेल्या आवाजासकट बघितलं. माझ्या गुडघ्यावर थापटलं. स्टेजवर बोट ठेवलं. हात उताणा केला. तिसऱ्यांदा. सांग आता. त्यानं काखेतला हात काढून घेतला. मान हलवली नाही. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.

पायऱ्यांवर 'इठ्ठला' ऐकू आलं. शालू वर येत होती, कठड्याला धरून, एक पाय, मग दुसरा पाय त्याच पायरीवर. टॅबवाली मुलगी खाली तशीच उभी होती. शालू माझ्यापाशी आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, माझ्या पायाकडं बघितलं, वर फोटोकडं बघितलं. "बरं हाय म्हणत हुतासा व्हय फोनवर," ती म्हणाली. रागानं म्हणाली. मी मान खाली घातली. मग ती माझ्या शेजारी, शालीच्या उरलेल्या तुकड्यावर, बसू लागली. आधी हात टेकले, मग कण्हली, तोंड वाकडं केलं, हातानं एकेक पाय आत घेतला. मांडी बसली. तिचा गुडघा माझ्या मांडीला येऊन टेकला, सुजलेला, गरम, लुगड्यातून कळेल इतका गरम. "दुकतोय मरणाचा," शालू हॉलकडं तोंड करून म्हणाली, माईकची गरज नसलेल्या आवाजात, "पण माजा हाय."

मोठे डॉक्टर उठून आतल्या खोलीत गेले. कुणीतरी मागच्या पडद्यावरचा दिवा बंद केला, आणि फोटो गेला. समई तेवढी राहिली. बायका उठून स्टेजपाशी यायला लागल्या होत्या, जवळून बघायला. मी पाय तसाच लांब ठेवला, कुणालाही नीट दिसेल असा. जे बोलायचं होतं ते दातांच्या मागं तयार होतं, एकेक शब्द. दिवेलागण व्हायला अजून वेळ होता. मी उठले नाही.